जातं कुणाचं? गावच्या संग्रहालयात नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात संग्रहालय सुरू झालं की पहिल्या वर्षी हमखास येणारी वस्तू म्हणजे जातं. घराचं बांधकाम निघतं, परसातलं जातं अडचण होतं, फेकायला मन धजत नाही, म्हणून कुणीतरी ते रिक्षात घालून आणून देतं. दोन्ही तळ्या मिळून तीस-चाळीस किलोंचा ऐवज. दुसरं वर्ष सरता सरता अशी सहा-सात जाती व्हरांड्यात ओळीनं मांडलेली असतात आणि त्यातलं कुठलं कुणाच्या घरचं, हे कुणालाच सांगता येत नाही. कुणाच्या आजीनं त्यावर किती दळलं, कुठली ओवी म्हटली, खुंटा कुठल्या लाकडाचा होता, सगळं गेलेलं असतं. उरतो तो दगड.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्याही म्हणणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी. त्या कामात एकही जातं हलवावं लागलं नाही. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात येणाऱ्यानं आधी हे लक्षात घ्यावं: इथं वस्तू माणसाबरोबर येते, आणि माणसाचं सांगणं नोंदवायचं राहिलं तर वस्तू नुसती जागा अडवते.

महाराष्ट्रात रोजच्या वापरातल्या वस्तूंचे मोठे संग्रह बहुधा एकेका झपाटलेल्या माणसानं उभे केले. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे असं वीस हजारांच्या आसपास जमवलं आणि 1975 साली ते शासनाच्या हवाली केलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी गावच्या मातीत सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू जपल्या. अशा संग्रहांत नोंदवही असो-नसो, जमवणाऱ्याच्या डोक्यात सगळं असायचं. आज गावोगावी होणाऱ्या संग्रहालयांत तो एक माणूस नसतो. असतात देणारी दोनशे घरं. त्यामुळं डोक्यावर भिस्त ठेवून चालत नाही, कागदच लागतो.

काय घ्यायचं, काय नाही

संग्रहाचं धोरण एका पानावर मावलं पाहिजे. कुठल्या गावांचा परिसर, साधारण कुठला काळ, कुठले विषय, आणि कशाला नाही म्हणायचं. हे पान भिंतीवर लावा. कारण नकार द्यायची वेळ येते तेव्हा समोर गावातली वडीलधारी व्यक्ती असते आणि “आमच्या नियमात बसत नाही” असं म्हणताना बोट दाखवायला काहीतरी हवं.

नकाराची उत्तम रीत म्हणजे घरनोंद. वस्तू घरीच राहू द्यायची. तुम्ही तिथं जायचं, चार बाजूंनी फोटो काढायचे, मापं घ्यायची, घरच्या दोन माणसांशी बोलायचं आणि त्या नोंदीला वेगळ्या मालिकेत क्रमांक द्यायचा. प्रदर्शनासाठी लागली तर महिनाभर उसनी आणता येते. पाचव्या जात्याला, तिसऱ्या पितळी बंबाला आणि प्रत्येक शिवणयंत्राला हाच मार्ग. जागा वाचते, आणि घराचा संग्रहालयाशी संबंधही टिकतो, जो दान दिल्यावर पुष्कळदा संपतो.

काही गोष्टी मात्र दारातच थांबवायच्या. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेलं नाण्यांचं मडकं कुणी घेऊन आलं तर हातात घेऊ नका. 1878 च्या भूमिगत द्रव्याच्या कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीचं असं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसील कार्यालयाची वाट दाखवा, हवं तर सोबत जा. सांबरशिंग, वाघाचं कातडं, हस्तिदंत यांना 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. आजोबांच्या काळचं आहे म्हणून सूट मिळत नाही, वनखात्याशी बोलल्याशिवाय स्वीकारू नका. तलवार किंवा ठासणीची बंदूक आली तर आधी पोलीस ठाणं. आणि शंभर वर्षांवरची मूर्ती किंवा चित्र, पंचाहत्तर वर्षांवरचं मोलाचं हस्तलिखित असेल तर 1972 चाच पुरावस्तू व कलानिधी कायदा पाहावा लागतो: अशी वस्तू आधी नोंदणीकृत असेल तर तिचं हस्तांतरण नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. मूर्ती मंदिरातली असेल तर प्रश्नच वेगळा. ती घेऊच नका.

दानपत्र आणि भावकी

वस्तू दारात आली की त्याच क्षणी तात्पुरती पावती. तारीख, देणाऱ्याचं नाव, फोन, वस्तूचं एका ओळीत वर्णन, “पाहणीसाठी ठेवली” असा शेरा आणि सही. ही पावती फाडायला तीन मिनिटं लागतात. “साहेब आले की बघू” म्हणून कोपऱ्यात ठेवलेली वस्तू सहा महिन्यांनी बेवारस होते, आणि बेवारस वस्तू परतही देता येत नाही, ठेवूनही घेता येत नाही.

दानपत्र दोन प्रतींत करा. त्यात वस्तू कायमची दिली आहे, ती सतत मांडून ठेवण्याचं वचन नाही, फोटो आणि माहिती शिक्षणासाठी वापरता येईल, दात्याचं नाव जाहीर करायचं की नाही, हे स्पष्ट हवं. नेहमी विसरला जाणारा प्रश्न म्हणजे वस्तू एकट्याची आहे का. जुन्या घरातली वस्तू बहुतेकदा सामाईक असते. धाकट्या भावानं आजोबांची पेटी उत्साहानं आणून दिली आणि थोरल्याला ती काचेमागं दिसली, की वाद संग्रहालयाच्या दारात येतो. म्हणून सरळ विचारा: “अजून कुणाचा हक्क लागतो का?” लागत असेल तर त्यांच्याही सह्या. सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढं किचकट नसतं, पण मामला त्याच जातीचा.

“कायमची उसनी” हा प्रकार टाळा. देणाऱ्याला वाटतं वस्तू आपली, संग्रहालयाला वाटतं आपली. वाळवी लागली की जबाबदारी कुणाचीच नसते. उसनी घ्यायची तर परत करायची तारीख लिहून, फार तर तीन वर्षांसाठी. अपवाद उलट दिशेनं करा. देव्हाऱ्यातले टाक, वारीची वीणा, कुलाचाराची दिवटी अशा वस्तू दान म्हणून आल्या तरी कुळधर्माच्या दिवशी घराण्याला लागू शकतात. तसं दानपत्रातच लिहा, नेताना-आणताना फोटो काढून वस्तूची अवस्था नोंदवा. तेला-हळदीचे नवे डाग येतील. ते वापराचे डाग आहेत. आल्यावर घासून काढू नका.

नोंद: खरं काम इथं आहे

दाखल नोंदवही बांधीव, पानांवर आकडे छापलेली आणि शाईनं लिहिलेली असावी. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. संगणकावरचा तक्ता शोधायला सोयीचा म्हणून हवाच. मोठ्या संग्रहांसाठी सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या पुणे केंद्रानं बनवलेली ‘जतन’ ही प्रणाली आहे. पण वस्तू कुणाची, असा वाद उभा राहतो तेव्हा बांधीव वही कामाला येते.

क्रमांकाची सोपी पद्धत: वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्या दानातली कितवी वस्तू. 2025.14.3 म्हणजे 2025 सालच्या चौदाव्या दानातली तिसरी वस्तू. पानाच्या डब्यात चुनाळं, कातडबी, अडकित्ता असे सुटे भाग असतील तर 2025.14.3 क, ख, ग. झाकणाला स्वतंत्र अक्षर द्याच; झाकणं सर्वांत आधी हरवतात.

क्रमांक वस्तूवर टाकताना पक्क्या मार्करनं थेट लिहू नका. दगड, धातू, चिनी माती यांवर आधी पॅरालॉइड बी-72 या राळेचा थर, बोटाच्या पेराएवढा. ही राळ अ‍ॅसिटोनमध्ये पंधरा ते वीस टक्के विरघळवून घेतात. थर सुकला की बारीक टोकाच्या टिकाऊ शाईनं क्रमांक, त्यावर दुसरा थर. उद्या काढायचा झाला तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं निघतो. स्वस्त पर्याय म्हणून नेलपॉलिश वापरलं जातं. ते पिवळं पडतं आणि पापुद्र्यासारखं सुटतं, सोबत क्रमांकही जातो. प्लास्टिकवर ही युक्ती चालत नाही, अ‍ॅसिटोन प्लास्टिकच विरघळवतं. लुगड्याला सुती फितीवर क्रमांक लिहून काठाच्या आत दोन-तीन सैल टाके. कागदाला मागच्या बाजूला कोपऱ्यात 2बी पेन्सिल. चामड्याची मोट, टोपली, सूप यांना फक्त दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.

नोंदीत मापं, द्रव्य, अवस्था हे सगळे लिहितात. कमी पडतात ते हे रकाने: देणाऱ्यानं वस्तूला कुठलं नाव वापरलं, ती प्रत्यक्ष कोण वापरायचं, कुठून आणली होती, वापर कधी आणि का थांबला. नावाचा रकाना दुहेरी ठेवा. पश्चिम महाराष्ट्रात जी पाभर, ती विदर्भ-मराठवाड्यात तिफण. कुळव आणि वखर यांचंही तसंच. कोकणात विळीला आडाळो म्हणतात. नोंदीत फक्त पुस्तकी नाव असेल तर देणाऱ्याच्या नातवाला स्वतःच्या घरची वस्तू शोधून सापडणार नाही.

“कोण वापरायचं” या रकान्याकडं दुर्लक्ष झाल्याचं प्रत्येक नोंदवहीत दिसतं. दाता म्हणून घरच्या पुरुषाचं नाव, वस्तू मात्र चूल, परात, सोऱ्या, रवी. दात्याचं नाव कायद्यानं असेल ते असो. वापरणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि साधारण वय वेगळ्या रकान्यात लिहा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर तर ते कोरलेलंही असतं: कुणी, कुणाला, कुठल्या निमित्तानं, कधी. म्हणून भांडी चिंचेनं किंवा पावडरीनं लखलखीत करण्याची हौस आवरा. दरवर्षी थोडा धातू जातो आणि दहा-पंधरा वर्षांत अक्षरं पुसट होतात. कोरडा मऊ कपडा पुरे.

सरावलेल्या माणसाला एक पूर्ण नोंद फोटोसह करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दिवसाला पंधरा धरल्या तर हजार वस्तूंना सदुसष्ट कामाचे दिवस. कार्यकारिणी “महिनाभरात उरकून टाका” म्हणेल तेव्हा हे गणित पुढं ठेवा. नव्या माणसानं मात्र पहिल्या आठवड्यात नवी नोंद करूच नये. एक कपाट घ्यावं, वहीतल्या नोंदीशी पन्नास वस्तू ताडून पाहाव्यात. वहीत आहे पण कपाटात नाही, कपाटात आहे पण वहीत नाही, अशा दोन याद्या तयार होतील. संग्रहालयाची खरी तब्येत त्या याद्यांत कळते.

पावसाळा

साठवणीवरचे परदेशी सल्ले बहुतेक थंड, कोरड्या हवेसाठीचे असतात. आपला शत्रू जून ते सप्टेंबर. आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशी धरते, आणि कोकणात ती आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, पण तो खोटं बोलतो का हे आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ पाण्याच्या चार थेंबांनी ओलं करायचं, मापकाबरोबर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी 75 दिसलं पाहिजे. 69 दिसलं तर हा मापक सहा कमी दाखवतो, असं त्याच्या पाठीवर लिहून टाका.

वस्तू जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर. लोखंडी मांडणी लाकडीपेक्षा बरी, वाळवी तिच्यात घर करत नाही. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद, हा सर्वांत वाईट पर्याय: रोजच्या चढउतारानं लाकूड फाटतं, गार झालेल्या वस्तूंवर दव धरतं. चोवीस तास चालवणं परवडत नसेल तर लावूच नका. पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या पुरतात. बंद पेटीत सिलिका जेल ठेवायचं तर नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग उतरला की 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. जूनमध्ये ठेवलं आणि दिवाळीत पाहिलं, असं होत असेल तर त्या पेटीत जेल असून नसल्यासारखं आहे.

लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला की आत भुंगा जिवंत आहे. छोट्या वस्तूवर औषध मारण्यापेक्षा गोठवणं चांगलं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि घरगुती डीप फ्रीझरमध्ये, जो साधारण उणे अठरापर्यंत जातो, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर पाणी सुटतं. रंगकाम असलेली, काच किंवा हस्तिदंत जडवलेली वस्तू गोठवू नका.

कागदाच्या बाबतीत घरगुती प्रेम फार नुकसान करतं. पणजोबांची सनद लॅमिनेट करून आणणारे लोक भेटतात. ते प्लास्टिक आता निघत नाही आणि आतला कागद त्यात पिवळा होत राहतो. चिकटपट्टी, रबर, टाचण्या काढता येतील तिथं काढा. मोडी कागदांचा रुमाल आला तर गाठ सोडण्याआधी फोटो घ्या, आणि सोडल्यावर कागद ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं पेन्सिलीनं आकडे टाका. कुठला कागद कशाशेजारी बांधला होता, हाही पुरावा असतो. तारखेनुसार लावण्याचा मोह मोडी वाचणारा येईपर्यंत आवरा. कागदांना आणि लुगड्यांना “ऊन दाखवणं” ही जुनी सवय इथं बंद. सावलीत, वाऱ्यावर, मऊ ब्रशनं आणि तोंडाला मास्क लावून. जरीचं लुगडं घडीवर तुटतं, म्हणून हाताच्या मुठीपेक्षा जाड नळीवर गुंडाळा. नळीला आधी खळ काढलेलं मांजरपाट: गरम पाण्यात दोनदा धुतलं की झालं.

उजेडाचं एकच सांगणं. कापड, कागद, फोटो यांना 50 लक्सपेक्षा जास्त नको, आणि भर उन्हात उघड्यावर एक लाखापर्यंत जातो. खिडकीजवळची पैठणी तीन महिन्यांनी उतरवून दुसरी लावा.

फोटो आणि आवाज

फोटो गोळा करायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे स्कॅन-दिवस: लोक अल्बम घेऊन येतात, तुम्ही स्कॅन करता, मूळ फोटो त्याच दिवशी घरी जातो. बिघडतं ते गणितात. फोटो ठेवणं, स्कॅन, नाव देणं, मागचं लिखाण टिपणं, धरून एका फोटोला पाच मिनिटं. पाच तासांत एका यंत्रावर साठ फोटो. घरटी पाच म्हटलं तर बारा घरं. गावभर दवंडी पिटली आणि ऐंशी घरं आली, तर अडुसष्ट घरं नाराज होऊन परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. वेळ ठरवून चिठ्ठ्या वाटा. यंत्रावर एक जण, आणि फोटोत कोण-कुठं-कधी हे विचारायला दुसरा. हा दुसरा माणूस गावातलाच हवा.

साधा फोटो 600 डीपीआय, पासपोर्ट आकाराचा 1200, टिफ स्वरूपात. चार बाय सहा इंचाची फाइल सुमारे 26 एमबी होते, म्हणजे दोनशे फोटोंना पाच जीबीपेक्षा थोडं जास्त. तीन प्रती, त्यातली एक संग्रहालयाच्या इमारतीबाहेर. फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक. “आजी लग्न फायनल 2” असं नाव दिलेली फाइल पुढच्या माणसाला मेलेलीच.

मुलाखतीला जाताना रेकॉर्डरपेक्षा पंखा बंद करायला सांगण्याचा धीर महत्त्वाचा. पंखा, टीव्ही, कुकर. पहिल्या अर्ध्या मिनिटात तारीख, गाव, नाव आणि संमती बोलून घ्या. संपल्यावर पुन्हा विचारा की यातलं काही बाहेर जाऊ नये असं आहे का. पहिल्या संमतीच्या वेळी माणसाला आपण काय बोलणार आहोत हे माहीतच नसतं. “तुमच्या काळी जीवन कसं होतं?” याचं उत्तर “चांगलं होतं” एवढंच येतं. “पहाटे पहिलं कोण उठायचं?”, “पाणी किती लांबून, किती खेपा?” असं विचारा. एका तासाचं लेखन करायला पाच-सहा तास जातात. अहिराणी, झाडीबोली, मालवणी असेल तर आणखी, आणि प्रमाण मराठीत “सुधारून” लिहायचं नाही.

आवाजाची गरज कुठं जास्त, हे 1972 च्या दुष्काळावर काम करताना कळतं. खडी फोडायला गेलेल्या घरांत त्या काळची वस्तू फारशी सापडत नाही. हातोडी झिजून गेली, टोपली मोडली, रेशनवरचा मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी खाऊन संपली. वाड्यातला चांदीचा तबक-अत्तरदाणीचा संच मात्र शाबूत असतो. नुसत्या वस्तूंवर प्रदर्शन उभं केलं तर दुष्काळ वाड्याचाच होतो. इथं मुलाखती, एखादं जपलेलं हजेरीपत्रक, आणि दुष्काळी कामावर बांधलेले पाझर तलाव, नालाबांध, रस्ते हाच संग्रह. ते नकाशावर मांडा, मुलांना तिथं न्या.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया वस्तीत स्मिथसोनियन या तिथल्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेनं 1967 साली एका जुन्या थिएटरात त्या वस्तीसाठीचं संग्रहालय उघडलं. जॉन किनार्ड त्याचे संचालक. 1969 मध्ये तिथं उंदरांवर प्रदर्शन झालं, कारण वस्तीतल्या मुलांचा रोजचा त्रास उंदीर होता. आपल्याकडं विषय शोधताना हीच दिशा धरा: टँकर, बंद पडलेला कारखाना, धरणात गेलेलं जुनं गाव.

पाटीवरचे शब्द

पाटी चाळीस ते साठ शब्दांची, अक्षर किमान 24 पॉइंट, आणि ओळींत इतकी जागा की उकार-मात्रा एकमेकांत अडकणार नाहीत. तंत्र एवढंच. अवघड भाग दुसरा आहे. येसकराची काठी घ्या. “गावच्या चौकीदाराची काठी” असं लिहिलं की ती गोजिरवाणी होते. त्या कामामागची जात, वेठ, उरल्यासुरल्या भाकरीचा मोबदला आणि नंतर ते काम सोडून देण्याचा निर्णय, सगळं पुसलं जातं. बलुतेदारीवरचे देखावे मातीच्या रंगीत पुतळ्यांनी सजवायची जी पद्धत पडली आहे ती याच कारणानं खटकते. पाटीचा मसुदा त्या घरातल्या माणसांना वाचून दाखवा, छपाईपूर्वी, आणि जातीचं नाव कसं लिहायचं, लिहायचं का, हे त्यांना ठरवू द्या. ते म्हणाले की ही वस्तू मांडायचीच नाही, तर मांडायची नाही. पाट्यावर टाकीचे घाव दिसतात ते घालायला दारोदार फिरणाऱ्या वडार बाया यायच्या. त्यांच्या वस्तीवर जाऊन छिन्नी कशी धरायची ते विचारल्याशिवाय पाट्याची नोंद पुरी होत नाही.

शाळा

शाळांचं वर्ष समजून घ्या. जून-जुलै प्रवेश आणि पाऊस, ऑक्टोबर परीक्षा आणि दिवाळी, फेब्रुवारीनंतर पुन्हा परीक्षा. खऱ्या भेटी नोव्हेंबर ते जानेवारी. जागतिक संग्रहालय दिन 18 मे ला येतो, तेव्हा शाळा बंद. तो दिवस सुट्टीत आजोळी आलेली नातवंडं आणि त्यांचे आजी-आजोबा यांच्यासाठी ठेवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. मुख्याध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा त्याचा उल्लेख करा, परवानगी लवकर मिळते.

चाळीस मुलं, दीड तास. दहा-दहाचे चार गट, चार ठिकाणं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, घंटा वाजली की पुढं. उरलेला अर्धा तास चपला, पाणी, स्वच्छतागृह आणि उशिरा आलेली गाडी यांत जातो. तो वेळापत्रकात आधीच धरला नाही तर चौथ्या गटाचं चौथं ठिकाण नेहमी बुडतं. शिक्षकांना आधी सांगून ठेवा की पाट्या वहीत उतरवून घ्यायच्या नाहीत. मुलं मान खाली घालून लिहितात आणि वस्तू बघतच नाहीत.

“हे काय आहे?” हा प्रश्न विचारू नका. एक हुशार मुलगा उत्तर देतो आणि बाकीच्यांचं काम संपतं. “हे कुठं झिजलंय?” असं विचारा. पाट्याचा मधला खोलगट भाग, खुंट्याची गुळगुळीत झालेली एक बाजू, विळीचं पोटात गेलेलं पातं. झीज शोधता शोधता मुलं स्वतःच हात कसा धरला असेल ते करून दाखवतात.

हात लावायच्या वस्तू संग्रहातल्या नसाव्यात. जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या किंवा दुहेरी आलेल्या, दाखल क्रमांक नसलेल्या वस्तूंची वेगळी पेटी करा. आठ-दहा वस्तू: चिपटं, मापटं, शेर, पायली, काच काढलेला कंदील, दौत-टाक, दगडी पाटी, 1957 पूर्वीची आण्याची नाणी. पायली म्हणजे चार शेर हे मुलांना वाळू मोजून करू द्या. धान्य नको, सांडलं की उंदीर. नाण्यांवर गणिताचा तास होतो: सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशेब्याण्णव पै म्हणजे रुपया. अडकित्ता ठेवायचा तर पाती तारेनं बांधून. पेटीचं वजन दहा-बारा किलोंच्या आत, कारण ती एसटीनं किंवा शिक्षकांच्या दुचाकीवर जाणार आहे. झाकणाच्या आत प्रत्येक वस्तूचा फोटो चिकटवा. परत येताना काय कमी आहे हे न वाचताच कळतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस 2015 पासून जे मोठ्या प्रमाणावर करते, ते तालुक्यात अशा चार पेट्यांवर भागतं.

मुलांना घरी द्यायचं काम एकच ठेवा: घरातली सर्वांत जुनी वापरातली वस्तू शोधा, ती कुणाकडून आली ते तीन ओळींत लिहा. आलेल्या चिठ्ठ्या रद्दीत न घालता घरनोंदीच्या फाइलला जोडा. काहींच्या मागं पुढच्या भेटीची घरं असतात. ज्या मुलांच्या घरी जुनं काहीच नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा पालावरच्या, त्यांच्यासाठी प्रश्न बदला: घरी कुणाला काय बनवता येतं?

शिक्षण आणि नोकरी

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. शासकीय पदं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात असतात आणि जाहिराती कमी निघतात. खासगी विश्वस्त संस्थांत पगार बेताचा, आणि अभिरक्षक (क्युरेटर) म्हणून रुजू झालेल्यालाच तिकीट, झाडू आणि वीजबिल बघावं लागतं. आधी विचारून घ्या.

मोडी येत असेल तर तुम्ही रांगेत बरेच पुढं. दुचाकी चालवता येणंही तेवढंच मोलाचं, कारण घरनोंदी मुक्कामाच्या गाडीनं होत नाहीत. मुलाखतीला प्रमाणपत्रांबरोबर स्वतः केलेल्या दहा नोंदी न्या: फोटो, मापं, देणाऱ्याचे शब्द, वापरणाऱ्या माणसाचं नाव. त्या नोंदी कुठल्याही संग्रहालयाच्या असायची गरज नाही. स्वतःच्या आजोळच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात केली तरी दहा होतात.